आधी त्याचं पुरं होऊ दे

अस्सलामु अलैकुम बेटा,

मशिदीत नव्यानं येणाऱ्या पोरांना नमाज शिकवायचं काम तू अंगावर घेतलंस, म्हणून हे लिहितोय.

मदिनेच्या मशिदीत एक बद्दू, म्हणजे वाळवंटातला भटका अरब, येऊन कोपऱ्यात लघवीला बसला, हे तू ऐकलं असशीलच. सांगणारे 'पैगंबरांनी (स.) त्याला माफ केलं' एवढ्यावर थांबतात. शिकायचं ते क्रमात आहे. लोक ओरडत धावले तेव्हा पैगंबर म्हणाले, अडवू नका, होऊ दे त्याचं. मध्येच उठवलं असतं तर त्याला त्रास झाला असता, कपडे भरले असते आणि एका जागेची घाण चार जागी गेली असती. त्याचं आटोपलं. मग त्याला बोलावून सांगितलं, मशिदी अशा गोष्टींसाठी नसतात; अल्लाहचं स्मरण, नमाज आणि कुरआनपठण यांसाठी असतात. त्यानंतर त्या जागी बादलीभर पाणी ओतायला लावलं. बस. आणि यात भीड ठेवून काही गाळलं नाही, हेही बघ.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पोरगं कावळ्यानं चोच मारावी तसे सजदे (जमिनीला कपाळ टेकणं) करतंय, नमाज संपवणारा सलाम फिरवतो न फिरवतो तोच मागून कोणीतरी, "अरे, ही काय नमाज झाली?" सगळी सफ, म्हणजे रांग, वळून बघते. ते पोरगं पुढच्या जुम्याला, शुक्रवारच्या नमाजाला, दिसत नाही.

तू थांब. त्याची दुआ होऊ दे. शेजारी बसून बोल, डोक्यावर उभं राहून नको. आणि एका वेळी एकच गोष्ट. रुकूत, म्हणजे कमरेतून वाकल्यावर, पाठ सपाट, 'सुब्हान रब्बियल अज़ीम' सावकाश तीनदा, मग सरळ उभं राहून अंग स्थिर होईपर्यंत थांबायचं. एवढं बसलं की आठवड्यानं दोन सजद्यांमधली बैठक.

वुजूत, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुताना, टाच कोरडी राहिली तर नळ चालू असतानाच हळूच दाखव. टाच शेवटीच धुतात, तेव्हा तेवढी धुतली की झालं. पुन्हा पहिल्यापासून करायला लावू नकोस.

चूक दाखवण्याआधी ती चूक आहे का, हे मात्र बघ. कोकणातला मुलगा शाफई पंथाचा असतो. तो रुकूला जाताना-उठताना हात उचलणार, आमीन मोठ्यानं म्हणणार. हनफी पंथाच्या पोरांत वाढलेल्याला ते खटकतं. तिथे बोलायचं कारणच नाही.

पैगंबर रागावलेच नाहीत असं मात्र समजू नकोस. पैगंबरांचे साथी मुआज (रजि.) इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, जमातीत (सामूहिक नमाजात) पुढे उभे राहून कुरआनातली सूरह (अध्याय) बकरा पढू लागले, 286 आयतींची. दिवसभर उंटांवरून पाणी ओढून दमलेला एक माणूस जमात सोडून बाजूला गेला, एकटाच पढून निघाला. मुआज त्याला मुनाफिक, म्हणजे ढोंगी मुसलमान, म्हणाले. तक्रार पैगंबरांकडे गेली आणि बोलणी बसली ती मुआजना: लोकांना फितन्यात (संकटात) टाकतोस का? तुझ्यामागे म्हातारे, अशक्त, कामाची माणसं उभी असतात. मग पढायच्या सूरहही सांगितल्या: सब्बिहिस्म, वश्शम्स, वल्लैल, 19, 15 आणि 21 आयतींच्या.

तेव्हा पोरांसमोर इशाला तुला इमामत करावी लागली, तर वश्शम्स पुरे. लांब सूरह पाठ आहेत, ठाऊक आहे मला. त्या घरी तहज्जुदला, रात्री उशिराच्या ऐच्छिक नमाजाला, पढ.