वाचक विचारतात: ब्राउझर, ठसे आणि बग

या वेळी प्रायव्हसीवाल्या ब्राउझरबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले पाच घेतलेत. ब्राउझरचे ठसे, म्हणजे फिंगरप्रिंट, म्हणजे साइटला दिसणाऱ्या बारीकसारीक खुणांवरून तुमचं मशीन ओळखणं, एवढं आधी लक्षात ठेवा. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, नुसता नाशिककडचा भाग लिहिलाय.

प्रश्न : माझं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्स वगैरे. कुकीज रोज उडवते, इन्कॉग्निटो वापरते, आता व्हीपीएन पण घेतलं, तरी फिंगरप्रिंट तपासणारी साइट म्हणते की तुमचा ब्राउझर युनिक आहे. चुकतंय कुठे? (रविवार कारंजा)

ताई, तुमच्या कॉम्प्युटरवर श्रीलिपी असणार, कृतिदेव असणार, शिवाय वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांनी पेनड्राइव्हमधून आणून दिलेले सटरफटर फॉन्ट. तिथेच सगळी गोम आहे.

साइटला तुमची फॉन्टची यादी तुम्हाला न विचारता थेट मिळत नसली तरी तिची युक्ती सोपी आहे. पानावर तुम्हाला दिसणार नाही असा एक शब्द ती साध्या फॉन्टमधे मोठ्या अक्षरात लिहिते, त्याची रुंदी मोजते, मग तोच शब्द "अमुक फॉन्टमधे दाखव" म्हणते आणि परत मोजते. रुंदी बदलली की कळलं, फॉन्ट आहे. असे शेकडो फॉन्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासून होतात. तुमच्याकडचा नेमका तोच फॉन्टचा गठ्ठा दुसऱ्या कुणाकडे असण्याची शक्यता फारच कमी, त्यात स्क्रीनचा आकार, टाइमझोन, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरचे कोअर किती ही भर. वरून कॅनव्हास नावाचा प्रकार आहे, म्हणजे साइट तुमच्याच मशीनकडून एक छोटं चित्र काढून घेते आणि त्याचे पिक्सेल परत वाचते, मशीनमशीनवर त्यात बारीक फरक पडतो. २०१० मधे ईएफएफ या अमेरिकन संस्थेनं सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले होते, त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले! तपासायला आलेली मंडळी आधीच जरा जागरूक होती हे धरलं तरी आकडा मोठाच आहे.

इन्कॉग्निटो फक्त तुमच्या मशीनवरचा इतिहास ठेवत नाही आणि व्हीपीएन आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलतं, तुमच्या फॉन्टला दोघंही हात लावत नाहीत. म्हणून फॉन्ट काढून टाकू नका हो, पोटापाण्याचा प्रश्न आहे. खाजगी कामाला वेगळा ब्राउझर ठेवा, टॉर ब्राउझर (साइटपर्यंतचा रस्ता अनेक कॉम्प्युटरच्या जाळ्यातून फिरवून नेणारा) किंवा मुलवड ब्राउझर (हा २०२३ मधे टॉरवाल्यांबरोबरच बनवला गेलाय, फक्त टॉरच्या जाळ्याशिवाय चालतो). हे दोन्ही साइटला ठरावीक मोजकेच फॉन्ट दाखवतात, बाकीचे तुमच्याकडे आहेत हे सांगतच नाहीत. एक अडचण येईल, युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच ओळखली जातात ती पद्धत) आधीच्या काळातल्या ज्या मराठी साइट तुमच्या मशीनवरच्या फॉन्टवर अवलंबून असतात त्या तिथे नुसत्या इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारख्या दिसतील. त्या नेहमीच्या ब्राउझरमधे उघडायच्या.

प्रश्न : फायरफॉक्समधे अबाउट-कॉन्फिगमधे (आतल्या सेटिंगच्या पानावर) जाऊन रेझिस्ट-फिंगरप्रिंटिंग आणि त्याच्या खालचं लेटरबॉक्सिंग दोन्ही चालू केलं. आता ऑनलाइन टेस्टची वेळ सकाळी १० ऐवजी पहाटे साडेचार दाखवतोय, पानाच्या कडेला राखाडी पट्ट्या येतात, आणि परीक्षेच्या फॉर्मवर फोटो क्रॉप करून टाकला तर फोटोच्या जागी रंगीत रेघोट्या! एवढे बग कसे काय? (कॉलेज रोड)

यातला एकही बग नाही मित्रा, तिन्ही गोष्टी तू स्वतःच मागून घेतल्यास. ते सेटिंग साइटला सांगतं की तुझं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून दहाचे साडेचार झाले. टेस्टच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ बघ.

पट्ट्यांचं असं की खिडकी तू हातानं ओढून १३४७ बाय ७११ अशी विचित्र केलीस तर तो आकडाच तुझी ओळख बनतो, म्हणून पानाचा भाग साधारण २०० च्या पटीत रुंद आणि १०० च्या पटीत उंच ठेवतात, उरलेली जागा राखाडी. टॉर ब्राउझरमधे हे २०१९ पासून आपोआप चालू असतं.

रेघोट्यांची गोष्ट मला सगळ्यात आवडली. फॉर्मची साइट तुझा फोटो क्रॉप करायला कॅनव्हासवर ठेवते आणि तिथून परत वाचते, ब्राउझरला वाटतं हा ठसे घ्यायला आलाय, मग तो खऱ्या पिक्सेलऐवजी रँडम कचरा हातात देतो आणि तोच कचरा तुझा पासपोर्ट फोटो म्हणून अपलोड होतो. अॅड्रेस बारच्या डाव्या बाजूला चित्राचं बारीक आयकॉन येतं, त्यावर क्लिक करून त्या एका साइटला परवानगी दे आणि सबमिट करण्याआधी प्रिव्ह्यू बघच. खरं सांगायचं तर रोजच्या फायरफॉक्समधे हे सेटिंग नकोच, फायरफॉक्स बनवणारी मोझिलाही सामान्य वापरासाठी ते सुचवत नाही. ट्रॅकिंग प्रोटेक्शन स्ट्रिक्टवर ठेव, पुष्कळ झालं.

प्रश्न : मी टॉर ब्राउझरमधे अॅड ब्लॉकर, कॅनव्हास ब्लॉकर आणि युजर एजंट (ब्राउझर साइटला स्वतःची ओळख सांगतो ती ओळ) बदलणारं अशी अॅडऑन टाकलीत. आता पक्कं सुरक्षित ना? (ओझर)

उलट झालंय. हा ब्राउझर तुम्हाला लपवत नाही, सगळ्यांसारखं करतो. सिंहस्थात रामकुंडावर भगव्या गर्दीत एकटाच माणूस हेल्मेट, गॉगल आणि रेनकोट घालून आला तर चेहरा दिसत नाही खरा, पण पोलिसाच्या लक्षात तोच राहणार. युजर एजंटवालं तर आधी काढा, एकीकडे ब्राउझर म्हणतो विंडोज आणि दुसरीकडे आतल्या खुणा म्हणतात लिनक्स, असं थापाडं मशीन पटकन उठून दिसतं. ब्रेव्ह नावाच्या ब्राउझरचा मार्ग वेगळा आहे, तो दर साइटला दर वेळी थोडी वेगळी उत्तरं देतो. दोन्ही पद्धती चालतात, आपल्या हातानं तिसरी बनवू नका.

प्रश्न : लिनक्सवर टॉर ब्राउझरमधे एका साइटवर काही अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, साध्या फायरफॉक्समधे व्यवस्थित दिसतं. कळवायचं कुठे, आणि आपल्यासारख्याचं कोण ऐकतं? (अंबड)

ऐकतात, पण रिपोर्ट नीट लिहिलेला असेल तर. आधी सिक्युरिटी लेव्हल बघा, सेफर किंवा सेफेस्ट असेल तर काही फॉन्ट मुद्दाम बंद असतात, स्टँडर्डवर आणून तेच पान परत उघडा. तरी चौकोन राहिले तर बग धरायला हरकत नाही. टॉर ब्राउझर फायरफॉक्सच्या ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणाऱ्या) आवृत्तीवर बनतो, तेव्हा ती ईएसआर नव्या कोऱ्या प्रोफाइलमधे उघडून पाहा. तिथेही चौकोन असतील तर मोझिलाच्या बगझिला या बग नोंदवायच्या साइटवर, नसतील तर टॉर बनवणाऱ्या टॉर प्रोजेक्टच्या तशाच साइटवर, गिटलॅबवर कळवा.

"मराठी दिसत नाही, प्लीज फिक्स" एवढंच लिहून काही होत नाही. आवृत्ती कुठली, सिस्टीम कुठली, कुठलं पान, काय केलं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, नेमकं कुठलं अक्षर ते कॉपी करून. इंग्रजी मोडकंतोडकं चालतं. एका रिपोर्टमधे एकच बग, आणि स्क्रीनशॉट कापून टाका, बाजूच्या टॅबवर बँकेचं नाव दिसायला नको. प्रकरण सुरक्षेचं वाटलं तर उघड लिहू नका, बगझिलावर सुरक्षेचा बग म्हणून टिक करायची सोय आहे, मग तो सगळ्यांना दिसत नाही.

आणि वेळ लागला तर चिडू नका. तुम्हाला वाटेल, यात काय आहे, फॉन्ट सापडला नाही तर मशीनमधला घ्यायचा, झालं! चौकोन जातील हो, पण त्याच क्षणी वरच्या डीटीपीवाल्या ताईंची फॉन्टची यादी परत उघडी पडेल. म्हणून जो फॉन्ट कमी पडतोय तो ब्राउझरबरोबरच सगळ्यांना सारखा द्यावा लागतो, म्हणजे डाउनलोड वाढतो आणि टेस्टिंगही वाढतं. अशा ब्राउझरमधे प्रत्येक दुरुस्तीला हा दुसरा प्रश्न विचारावाच लागतो, की यामुळे कोण वेगळं दिसायला लागेल.

प्रश्न : अपडेटनंतर काहीतरी बिघडतं म्हणून मी अपडेट बंद ठेवलंय. चालेल ना? (नाशिक रोड)

नाही चालणार. बिघडतं हे मान्य, अपडेट न करताही बिघडतं, मे २०१९ मधे अॅडऑन खरी आहेत हे पटवणाऱ्या मोझिलाच्या एका डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली आणि फायरफॉक्सची अॅडऑन धडाधड बंद पडली, टॉर ब्राउझरमधलं नोस्क्रिप्ट (साइटवरच्या स्क्रिप्ट अडवणारं) सुद्धा. पण ९ ऑक्टोबर २०२४ ला फायरफॉक्समधे जे भोक बुजवलं ते लोक आधीच हल्ल्यासाठी वापरत होते, आणि मोझिलानं दुरुस्ती साधारण २५ तासांत काढली होती. तुमचं अपडेट बंद असेल तर त्या धावपळीचा तुम्हाला काय उपयोग? शिवाय जुना आवृत्ती क्रमांक साइटला दिसतो, बाकी सगळे पुढे गेले की त्या क्रमांकावर मूठभरच लोक उरतात, त्यात तुम्ही. मेनूत हेल्प, मग अबाउट, तिथे अपडेट होऊ द्या आणि रिस्टार्ट मारा.