यंदाची माझी आवडती पुस्तकं, आणि सुरुवात कुठून करावी

प्रश्न असा आहे: यंदा वाचलेल्यांपैकी सगळ्यांत आवडलेली पुस्तकं कोणती, आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाचायला लागलेल्या माणसाने त्यांतलं कुठलं आधी घ्यावं? विचारणारे सोलापूरचेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डिसेंबर आला की वर्षातल्या नव्या पुस्तकांच्या याद्या निघतात. मीही त्या आवडीने बघते. पण २०२५ मध्ये मला मनापासून भिडलेली पुस्तकं बहुतेक जुनी आहेत, आणि ती एकतर आपल्या आसपासच्या मुलखातली किंवा शेजारच्या भाषेतली आहेत. पुस्तक मिटल्यावर ओळखीचीच जागा पुन्हा जाऊन बघावीशी वाटली, की ते माझ्या यादीत जातं. त्यापलीकडे माझा निकष नाही.

पहिलं नाव ‘चकवाचांदण’. १८ जूनला रानावनांवर आणि पक्ष्यांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली गेले, ते सोलापुरातच. जन्मही इथलाच, १९३२ सालचा. पद्मश्री याच वर्षी मिळाली होती. २००६ मध्ये आपल्याकडे साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष तेच होते. ते गेल्याची बातमी आली आणि मी त्यांचं हे आत्मचरित्र कपाटातून पुन्हा काढलं. चांगलं जाडजूड पुस्तक आहे. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट हे पुढचे भाग बहुतेकांना आठवतात, कारण वाघ-अस्वलं तिकडे आहेत. मला मात्र या वेळी सुरुवातीचं सोलापूरच धरून बसलं. रानाची पहिली ओळख त्यांना आईने करून दिली, मग लिंबामामासारख्या माणसांनी. शाळा-कॉलेजच्या आधीच या मुलाची अर्धी विद्या झालेली होती, आणि ती देणारी माणसं साधी, कष्टाची होती. पुढे वनखात्यात अधिकारी झाल्यावरही त्यांनी शिकायची रीत बदलली नाही. आदिवासी, मासेमार, नवेगावचे माधवराव पाटील, ज्याला जे ठाऊक त्याच्याकडून ते घ्यायचं आणि त्याच्या नावानिशी लिहायचं. हा प्रामाणिकपणा मला त्यांच्या सगळ्या पक्षिज्ञानापेक्षा मोठा वाटतो.

हे वाचून झाल्यावर थंडीत आम्ही दोघं सकाळी हिप्परग्याच्या तलावावर जायला लागलो. एरवी हा तलाव म्हणजे आपल्याला पाणीपुरवठ्याची बातमी. काठावरच्या चिखलात नारिंगी अंगाची चक्रवाकाची जोडी उभी होती, एक चरत होता आणि दुसरा मान वर काढून आमच्याकडे बघत होता. थोड्या वेळाने दोघांनी कामं बदलली. इतकंच, पण ते बघत किती वेळ उभे राहिलो ते कळलं नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा माळही मी आता त्याच नजरेने बघते. माळढोक दिसो न दिसो, त्या गवतात काय काय नांदतं ते शोधायला मजा येते.

दुसरं कृष्णात खोत यांचं ‘रिंगाण’. साहित्य अकादमी मिळून (२०२३) दोन वर्षं झाली, माझं वाचायचं राहून गेलं होतं. धरणात गाव गेलेला देवाप्पा मागे राहिलेल्या म्हशी आणायला जुन्या गावाकडे निघतो, आणि तिथे त्या म्हशी रानटी होऊन गेलेल्या. एवढ्याशा गोष्टीवर कादंबरी उभी आहे. भाषा पन्हाळ्याकडची आहे, सुरुवातीला अडखळायला होतं. मोठ्याने वाचा, लगेच कानात बसते. आपल्या जिल्ह्याला तर हे पुस्तक जास्तच लागू आहे. करमाळा-इंदापूर पट्ट्यातली गावं उजनीच्या पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि आपण गाड्या काढून फोटो काढायला जातो. मीही गेले आहे. आता पुन्हा गेले तर आधी काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी बोलेन, त्याचं घर कुठे होतं ते विचारेन.

तिसरं ‘हार्ट लॅम्प’, बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांचं दीपा भास्ती यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर. मे महिन्यात त्याला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, कन्नडला पहिल्यांदाच. माझं इंग्रजी वाचन बेताचं आहे, पण हे अडलं नाही. भाषांतरात कन्नड आणि उर्दू शब्द तळटीपा न देता तसेच ठेवले आहेत आणि आपल्याला त्यांतले बरेच ओळखीचे असतात. आमच्या सासूबाई अक्कलकोट तालुक्यातल्या, माहेरी सगळं कन्नड. दुपारी त्या शेंगा फोडत बसल्या की मी एकेक गोष्ट मराठी-कन्नड मिसळून सांगायचे. ‘रेड लुंगी’ या कथेत उन्हाळ्याच्या सुट्टीत घरभर पोरांचा धिंगाणा चाललेला असतो, आणि वैतागलेली रझिया त्यांतल्या पोरांची सुंता एकदाच उरकून टाकायचं ठरवते. इथवर सासूबाई हसत होत्या. पुढे श्रीमंताच्या पोराला मिळणारी निगा आणि गरिबाच्या पोराला मिळणारी वागणूक यांतला फरक आला, तसा त्यांचा हात थांबला. “अगं, आमच्या गावात पण असंच,” एवढंच म्हणाल्या. पुस्तकाचं नाव ज्या कथेवरून आहे ती मी त्यांना सांगितली नाही. मलाच ती वाचून दोन दिवस काही सुचलं नव्हतं. माहेरी दाद मागायला आलेल्या लेकीला भाऊ परत सासरी नेऊन सोडतात, हे कर्नाटकात घडतं असं म्हणून बाजूला सारण्यासारखं नाही.

कन्नडचाच विषय निघाला म्हणून ‘पर्व’. सप्टेंबरमध्ये त्याचे लेखक, कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा गेले आणि मी उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद पुन्हा वाचायला घेतला. चमत्कार काढून टाकलेलं महाभारत. सुरुवात म्हाताऱ्या शल्यापासून होते, आणि युद्धाच्या भागात छावणीतली दुर्गंधी, रोगराई, उपासमार असं सगळं येतं. भैरप्पांच्या पुढच्या काही कादंबऱ्यांशी माझं जमत नाही. ‘पर्व’ मात्र मी कुणालाही हातात देईन, फक्त सवड असेल तेव्हा. परत वाचायला लागलेल्याने लगेच घेऊ नये, दमायला होतं.

लक्ष्मीनारायण बोल्लींचं ‘एका साळियाने’ही यंदाच वाचलं. तेलुगू मातृभाषेच्या विणकर घरातला मुलगा मराठीत कवी होतो, त्याचं हे आत्मकथन. आपण शहराच्या पूर्व भागातून, विणकरांच्या वस्तीतून रोज जातो, मागांचा खडखडाट ऐकतो, चादरी पाहुण्यांना भेट देतो, पण त्या घरांमध्ये कविता होते हे आपल्या ध्यानात नसतं. सोलापूरच्या प्रत्येक घरात हे पुस्तक असायला हवं असं मला वाटतं.

शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ पुन्हा वाचलं, त्यावर वेगळं लिहायला हवं. त्यांचं गाव हन्नूर इथून इतकं जवळ आहे की ते चार ओळींत उरकणं बरोबर नाही.

तर सुरुवात कुठून? ‘चकवाचांदण’चा सोलापूरचा भाग घ्या. एका बैठकीत संपवायच्या मागे लागू नका, रोज थोडं वाचा. पुस्तक विकत घेण्याआधी हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा तुमच्या जवळच्या वाचनालयात विचारा, मोठं आहे, चाळून बघितलेलं बरं. त्यानंतर ‘रिंगाण’. इंग्रजीची सवय असेल तर ‘हार्ट लॅम्प’मधली एखादीच कथा मध्ये घ्या, सलग सगळ्या वाचू नका, जड जातात.

आता मलाही एक विचारायचं आहे. माझ्या यादीत कन्नड आली, पण तेलुगूतून मराठीत आलेलं यंदा एकही नाही, आणि शहरात ती भाषा बोलणारे कितीतरी आहेत. पूर्व भागातल्या कुणी मराठीत उपलब्ध असलेली चांगली तेलुगू कादंबरी सुचवली तर जानेवारीत मी तीच आधी वाचीन.