30 हजारांचा कोर्स राहू दे, आधी बॅलन्स शीट वाचायला शीक

पत्र थोडक्यात : मी सोलापूरला एस.वाय. बीकॉमला आहे. शेअर मार्केटची आवड आहे. ऑप्शन ट्रेडिंगचा 30 हजारांचा ऑनलाईन कोर्स करायचं मनात आहे, पण बाबा म्हणतात आधी एम.ए. इकॉनॉमिक्स कर, मग पैशाला हात लाव. चांगली इन्व्हेस्टर व्हायला नेमकं काय शिकू?

सगळ्यात छान वाटलं ते हे की कुठला शेअर घेऊ असं न विचारता काय शिकू असं विचारलंस. कोर्सचं आधी सांगते, नको करूस. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिलेत, 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांमध्ये, उतरलेल्या दर 100 सामान्य लोकांपैकी 93 जणांचा तोटा झाला आणि तो सगळा मिळून 1.8 लाख कोटींच्या वर गेला. बाबांच्या घामाचे 30 हजार त्या रांगेत उभं राहायला घालवायचे का?

बाबांचं म्हणणं चुकीचं नाही, पण एम.ए. हा करिअरचा निर्णय आहे. बँक, रिसर्च, रिझर्व्ह बँक यात जायचं असेल तर जरूर कर, पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट 1930 पासून आहे, तिची एन्ट्रन्स बघून ठेव. स्वतःचे पैसे नीट गुंतवायला मात्र डिग्री लागत नाही.

तुझ्या हातात आत्ताच जे आहे ते म्हणजे अकाउंट्स, आणि बीकॉमची मुलं नेमकं तेच पेपरपुरतं पाठ करून सोडून देतात याचं मला फार वाईट वाटतं. बीएसई म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या साईटवर कंपन्यांचे अॅन्युअल रिपोर्ट फुकट मिळतात, तू रोज ज्या कंपनीचा साबण किंवा बिस्कीट वापरतेस तिचा उघड, सुरुवातीचे गुळगुळीत फोटो आणि चेअरमनचं पत्र सोडून दे, थेट कॅश फ्लोवर, म्हणजे रोख पैसा किती आला-गेला त्या पानावर, जा आणि बघ की नफा जेवढा दाखवलाय तेवढा पैसा धंद्यातून खरंच आलाय का, की नुसती उधारी वाढत चाललीय. सत्यम या आयटी कंपनीचं प्रकरण वाच. जानेवारी 2009 मध्ये तिच्या चेअरमननेच कबूल केलं की बॅलन्स शीटवरच्या, म्हणजे ताळेबंदातल्या, रोख आणि बँकेतल्या रकमेपैकी 5,040 कोटी मुळात नव्हतेच. ऑडिटरची सही होती, मोठमोठ्या फंडांचे पैसे होते, तरीही. म्हणून हिशोबाला जोडलेल्या नोट्स वाचायच्या, बारीक अक्षरातल्या सुद्धा.

इकॉनॉमिक्स सुरुवातीला दोनच गोष्टींपुरतं पुरे, व्याजदर आणि महागाई. मे 2022 ला 4 टक्के असलेला रेपो रेट, म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून कर्ज मिळतं तो व्याजदर, रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.5 वर नेला, तर एफडीचे दर वाढले, होम लोनचे हप्ते वाढले, आणि ज्यांच्याकडे आधीचे कमी व्याजाचे लांब मुदतीचे बाँड (कर्जरोखे) होते त्यांच्या त्या बाँडची बाजारातली किंमत पडली. हे का झालं ते कागदावर स्वतः मांडून बघ. बाबांच्या एफडीला समजा 7 टक्के मिळतायत, त्यातून टॅक्स आणि महागाई वजा कर, उरतं किती ते त्यांनाही दाखव.

सर्टिफिकेट हवंच असेल तर सेबीची इन्व्हेस्टर सर्टिफिकेशन परीक्षा आहे, सेबीचीच शिक्षणसंस्था एनआयएसएम ती घेते, फी नाही. पैसे लावायचेच तर पॉकेटमनीतून इंडेक्स फंडाची (निफ्टीसारख्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा फंड) 500 ची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम, बाबांना सांगून सुरू कर, आणि टेलिग्रामवरच्या टिप्सचे ग्रुप आजच सोड.

पहिला रिपोर्ट वाचून झाला की कुठे अडलीस ते कळव, बहुतेक कॅश फ्लोमध्येच अडशील, तो मी समजावून सांगेन.