किम ह्येसून यांची कविता कोठून वाचायला सुरुवात करावी, आणि ती इतकी अंगावर का येते?

हान कांग यांना 2024 चे नोबेल मिळाल्यापासून आपण कोरियन साहित्य वाचू लागलात, किम ह्येसून यांचे ‘मृत्यूचे आत्मचरित्र’ इंग्रजी अनुवादात हाती घेतलेत, आणि प्रेते, रक्त व दुर्गंधी यांनी भरलेली ही कविता नेमकी कशासाठी वाचायची, असा प्रश्न पडून ते खाली ठेवलेत, असे आपण लिहिले आहे. माझे मत स्पष्ट आहे: सुरुवात याच संग्रहापासून करावी. आधी सौम्य कविता वाचून मग इकडे वळावे, असे आपल्याला सुचवले जाईल; तो सल्ला मानू नये.

या संग्रहात 49 कविता आहेत, कारण कोरियातील बौद्ध परंपरेनुसार मृत्यूनंतर पुढचा जन्म मिळेपर्यंत जीव 49 दिवस मध्येच भटकत असतो, आणि येथे प्रत्येक दिवसाची एक कविता आहे. पहिल्या दिवशी कामावर निघालेली एक स्त्री मेट्रोत कोसळते. तिच्या देहाला कोणी मदत करत नाही, आणि देहातून बाहेर पडलेली ती मात्र ठरलेल्या वेळी कार्यालयाकडे निघते. 2015 मध्ये किम स्वतः मेट्रोच्या फलाटावर कोसळल्या होत्या, आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या असह्य वेदनांशी झगडत असताना हे लेखन झाले. परंतु हे एका आजारी व्यक्तीचे मनोगत नाही. कविता सतत ‘तू’ म्हणून बोलते, आणि त्या ‘तू’मध्ये कोण कोण आहे हे ध्यानात घेतल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

त्या काळात मी नोकरीनिमित्त दक्षिण कोरियातील सुवोन येथे राहत होते. तेथून जवळच आन्सान शहर आहे. 16 एप्रिल 2014 रोजी इंचॉनहून जेजू बेटाकडे निघालेले सेवोल जहाज बुडाले आणि 304 माणसे गेली. त्यांतील 250 ही आन्सानच्या दानवोन विद्यालयाची, सहलीला निघालेली मुले होती. जहाजावर प्रमाणाबाहेर माल होता, तो नीट बांधलेला नव्हता, आणि जहाज कलंडत असताना मुलांना ‘जागेवरच थांबा’ अशा सूचना ध्वनिक्षेपकावरून दिल्या जात होत्या. कप्तान त्यांच्या आधी बाहेर पडला. आन्सानमधील उद्यानात उभारलेल्या सामूहिक श्रद्धांजली मंडपात एक कोरियन सहकारी मला घेऊन गेली. दाराशी हातात पांढरे शेवंतीचे फूल देण्यात आले, आणि आत समोरची संपूर्ण भिंत शाळेच्या गणवेशातील छायाचित्रांनी भरलेली होती. मला वाटले होते की दुर्घटनेला वर्ष उलटून गेले असल्यामुळे तेथे शांतता असेल, परंतु तेथील आयांना शांतता नको होती. जहाज अजून समुद्राच्या तळाशी होते, काही मुलांचे देहही मिळाले नव्हते, आणि आता पुरे झाले, सावरा, असे त्यांना सांगणाऱ्यांची संख्या वाढत चालली होती. माझी सहकारी ज्या मुलाच्या छायाचित्रापुढे थांबली, तो तिच्या शेजारच्या घरातला होता. ती रडली नाही. तिने त्याच्याशी रोजच्या आवाजात, बराच वेळ, बोलून घेतले.

पुढे पुण्यास परतल्यावर एका वाचनमंडळात मी या संग्रहातील काही कविता वाचल्या, तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी मला मध्येच थांबवले. मृत्यूवरच्या कवितेने मन शांत केले पाहिजे, आपल्याकडे दहावा-तेरावा करतात तो त्यासाठीच, आणि एका स्त्रीने दुसऱ्यांच्या लेकरांच्या प्रेतांवर असे ओरबाडून लिहिणे शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सभेत पुष्कळांनी माना डोलावल्या. माझे उत्तर त्या दिवशी पूर्ण होऊ दिले गेले नाही, म्हणून ते येथे देते.

ज्या मृत्यूची जबाबदारी कोणी घेतलेली नाही, त्याची शांती करणे हे कवीचे काम नाही. किम यांनी हे पुस्तकातून शिकलेले नाही. 1955 मध्ये उल्जिन येथे जन्मलेल्या आणि 1979 पासून कविता प्रसिद्ध करणाऱ्या या बाई चुन दू-ह्वान यांच्या लष्करी राजवटीत एका प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या. एका अनुवादकाचा ठावठिकाणा सांगत नाहीत म्हणून पोलिसाने त्यांना सात थपडा मारल्या, आणि त्यांनी त्या प्रत्येक थपडेसाठी एक अशा सात कविता लिहिल्या. सेन्सॉरकडे दिलेले एका नाटकाचे हस्तलिखित नाव आणि नाटककार एवढेच शिल्लक ठेवून पूर्ण काळे करून परत आले होते. ग्वांगजूमध्ये 1980 मध्ये सैन्याने मारलेल्या माणसांविषयी तेव्हा उघडपणे बोलता येत नव्हते. असे मृत्यू या कवितेतल्या ‘तू’मध्ये आहेत, आणि सेवोलमधली मुलेही आहेत.

‘स्त्रीला शोभत नाही’ या आक्षेपाचे उत्तरही कोरियातच आहे. तेथे कवयित्रींकडून हळव्या प्रेमकवितेची अपेक्षा बाळगली जात असे, आणि किम यांनी तिच्याऐवजी मुदांग, म्हणजे मृतांसाठी विधी करणाऱ्या स्त्रिया, ज्या बारीची गाथा गातात तिचा आधार घेतला. बारी ही राजाची सातवी मुलगी. मुलगी झाली म्हणून टाकून दिलेली, आणि पुढे त्याच आईबापांना वाचवण्यासाठी मृतांच्या प्रदेशात जाऊन औषध आणणारी. मृतांशी बोलण्याचा हा अधिकार तेथे परंपरेने स्त्रियांकडे होता, त्यामुळे किम यांचा आवाज उपरा किंवा उसना म्हणणे हे अज्ञान आहे. 1997 मध्ये कवी किम सू-यंग यांच्या नावाचा कोरियन काव्यपुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. 2019 चा कॅनडातील ग्रिफिन काव्यपुरस्कार याच संग्रहाच्या डॉन मी चोई यांनी केलेल्या अनुवादाला मिळाला, परंतु पुरस्कार नसते तरी माझे मत हेच राहिले असते.

आता आपल्यासाठी. रोज एकच कविता वाचा, क्रम मोडू नका, आणि दहाव्या पानावर पुस्तक पुन्हा ठेवावेसे वाटले तर ठेवून दुसऱ्या दिवशी पुढचा दिवस वाचा. शेवटच्या कवितेत नकारांची जी रांग लागते, तिचा भार आधीचे 48 दिवस सोसल्यावरच कळतो. त्यानंतर डुकरांवरच्या कविता घ्या. 2010-11 मध्ये लाळ-खुरकुताच्या साथीत कोरियात 30 लाखांहून अधिक डुकरे मारली गेली, त्यांतील पुष्कळ जिवंत पुरली गेली, आणि त्या कवितांमागे ती घटना आहे. ‘पंखांची आभासी वेदना’ हा वडिलांच्या मृत्यूनंतरचा संग्रह अधिक गुंतागुंतीचा आहे, तो शेवटी वाचावा. मी स्वतः कोरियन सावकाश, कोश जवळ ठेवून वाचते, त्यामुळे माझे बरेचसे वाचन चोई यांच्या इंग्रजीतूनच झालेले आहे, हे लक्षात घ्यावे. आणि आपल्या घरी नुकतेच कोणी गेले असेल, तर हे पुस्तक सध्या उघडू नका. त्या ज्येष्ठांच्या म्हणण्यातला एवढा भाग मला मान्य आहे.