आधी वर येण्याचं बघ

सांगली

प्रिय पोरी,

तासगावच्या विहिरीत तुझं पाण्याखाली उतरणारं यंत्र तळाला बसलं, हे तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर समजलं. पहिली दोन पानं दुसरा कॅमेरा लावू का, यांत्रिक हात जोडू का, यातच गेली. यंत्र बुडालं याचं मला काही वाटलं नाही, पण या क्रमाचं वाटलं.

बोअरमध्ये मोटर सोडणारी माणसं पाहिलीस ना? पाइप कितीही दणकट असो, मोटरीला वेगळा दोर बांधल्याशिवाय ती खाली जात नाही. आधी वर येण्याची सोय, मग खाली जाणं.

खोल समुद्रात सुट्या यंत्राला तो दोरही नसतो. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात, बोलायचं ते आवाजानं, सेकंदाला साधारण १५०० मीटर. ६००० मीटरवरच्या यंत्राला ‘वर ये’ म्हणायचं आणि त्याची ‘हो’ ऐकायची, यात ८ सेकंद जातात. बॅटरीच गेली असेल तर ऐकणार कोण? म्हणून यंत्राला खाली नेणारं वजन विद्युतचुंबकानं धर. वीज आहे तोवर धरलेलं, वीज गेली की आपोआप सुटलेलं, आणि यंत्र हलकं होऊन वर. तुझ्या आराखड्यात वजन सोडायलाच मोटर आहे. अगं, जे बंद पडणार त्याच्याच भरवशावर सुटका?

तू नीरियसचं उदाहरण देशील, म्हणून आधीच लिहितो. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेचं ते यंत्र २००९ मध्ये मरियाना गर्तेत १०,९०२ मीटरपर्यंत जाऊन आलं. २०१४ मध्ये न्यूझीलंडजवळच्या कर्माडेक गर्तेत ९,९०० मीटरवर गेलं ते गेलंच. तरंगतं ठेवणारे सिरॅमिकचे पोकळ गोळेच बहुधा दाबानं फुटले, वर आले ते तुकडे. वर आणणारी वस्तूच दगा देऊ शकते. मग तिचाच विचार शेवटी का करायचा?

माझं सांगतो. धरणाचे दरवाजे पाण्याखालून तपासायला मी एक कॅमेऱ्याचं यंत्र केलं होतं. दोन वर्षं गेली त्यात. वजन बोल्टनं पक्कं आवळलेलं, कारण केबल आहे ना! केबल जाळीत अडकली, वरून ओढा म्हणून घाई झाली, आणि ओढायला मीच हो म्हणालो. तुटली. यंत्र अजून गाळात आहे. नंतरच्या प्रत्येक कामात मी सुटणारं वजन घातलं. खर्च वाढतो म्हणून दोन कामं हातची गेली. जाऊ देत. माझं एकही यंत्र पुन्हा खाली राहिलं नाही, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

हाताचं नंतर बघू. आधी वर येण्याचं.

रविवारी कुपवाडच्या वर्कशॉपवर ये. गळ आणि दोन पोरं देतो, यंत्र काढून घ्या. झाकणाची रबरी रिंग फेकू नकोस, पाणी कुठून शिरलं ते तिच्यावर दिसेल. जेवायला घरीच ये, काकूनं सांगितलंय.

तुझा,
काका