फेजची नावं नंतर, आधी क्रोमोसोम मोजायला शिक
लातूरला नीटसाठी आलास ना भाऊ, मग प्रोफेज-मेटाफेज ही पेशी विभाजनाच्या टप्प्यांची नावं नुस्ती पाठ करत बसू नको, आधी क्रोमोसोम, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्या, मोजायला शिक. माणसाच्या पेशीत 46, विभाजनाआधीच्या एस फेजमध्ये डीएनए डबल होतो पण क्रोमोसोम 46च राहतात कारण मोजायचं सेंट्रोमिअर, म्हणजे क्रोमोसोमच्या दोन प्रती (क्रोमॅटिड) जिथं जोडलेल्या असतात तो सांधा, अन् लई पोरं इथंच मार्क घालवतात. अ‍ॅनाफेजला म्हणजे या प्रती वेगळ्या होताना सेंट्रोमिअर फुटलं की तेवढ्यापुरते 92, मग दोन पेशींत परत 46-46. मायोसिसमध्ये, म्हणजे बीजपेशी बनवणाऱ्या विभाजनात, मात्र पहिल्याच विभाजनात जोड्या सुटून 23 होतात, क्रोमॅटिड दुसऱ्यात सुटतात. अन् लॅबमध्ये कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाईड स्वतः कर बरं का, त्यात 16च क्रोमोसोम असतात, मोजायला सोपे.