उत्तर पाठ होतं, तरी मित्र उठून गेला

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती तरुणांची एक तक्रार जवळजवळ ठरलेली असते. ‘आजूबाजूला कोणी देव मानत नाही. विषय निघाला की एक तर माझी वाचा बसते, नाहीतर मी वाद घालत सुटतो. दोन्हीनंतर अपराधी वाटतं. श्रद्धेच्या बाजूने बोलायचं तरी कसं?’ याचं दोन ओळींत उत्तर मला आजवर देता आलेलं नाही. म्हणून एका माणसाची हकीकत सांगते. त्याने संमती दिली आहे, आणि तो ओळखू येईल असे सगळे तपशील मी बदलले आहेत.

वय ३१, जीवशास्त्रातला संशोधक. आला होता झोपेच्या तक्रारीसाठी. रात्री दोन-अडीचला जाग यायची आणि मनात वाद सुरू व्हायचा. समोरचा असं म्हणाला तर मी असं म्हणेन, त्यावर तो तसं म्हणाला तर मी हे काढेन. पहाटेपर्यंत हेच. तपासण्यांत काही निघालं नव्हतं. दुसऱ्या भेटीत त्याने पिशवीतून एक जाड वही काढली. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. एकूण ४३ प्रश्न, प्रत्येकाला क्रमांक.

मी वही ठेवून घेतली आणि सगळी वाचली. उत्तरं चांगली होती, हे आधी सांगायला हवं. ‘विज्ञान आणि धर्माचं वैरच आहे’ यासमोर जॉर्ज लमेत्र होते. विश्व प्रसरण पावतं आहे हे १९२७ मध्ये मांडणारे आणि १९३१ मध्ये विश्वाचा आरंभ एका ‘आदिम अणू’तून झाला असावा असं सुचवणारे हे शास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांच्या शेजारी ग्रेगोर मेंडेल, आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मठवासी. ‘येशू नावाचा माणूस झालाच नाही’ यासमोर रोमन इतिहासकार टॅसिटस, ज्याला ख्रिस्ती लोकांविषयी तिरस्कारच होता, तरी रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला मृत्युदंड झाल्याचं त्याने नोंदवलं. ‘पुनरुत्थानाची गोष्ट शतकांनंतर रचली’ यासमोर बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा, १५ वा अध्याय. येशूच्या वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांत लिहिलेला, आणि त्यातही पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं. म्हणजे ती साक्ष पत्राहूनही जुनी.

दोन ठिकाणी मात्र मी पेन्सिलीने खूण केली. १६३३ मध्ये गॅलिलिओवर चाललेल्या खटल्याबद्दल त्याने लिहिलं होतं की गॅलिलिओचा स्वभावच भांडखोर होता. ‘हे खोडा,’ मी म्हटलं. ‘चर्चची चूक झाली, एवढंच म्हणा. ख्रिस्तावरच्या विश्वासाचं समर्थन करायला निघालेल्या माणसाला ख्रिस्ती लोकांच्या प्रत्येक कृत्याचं वकीलपत्र घ्यावं लागत नाही.’ दुसरी खूण लमेत्र यांच्यापाशीच. महास्फोटाने, म्हणजे विश्वाच्या त्या आरंभाने, बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा पहिला अध्याय सिद्ध होतो, असं पुढे लिहिलेलं होतं. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी आपल्या भाषणात त्याच अंगाने मांडणी केली, तेव्हा खुद्द लमेत्र यांना ते रुचलं नव्हतं. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांपासून वेगळा राहावा अशी त्यांची भूमिका होती. ज्याने सिद्धांत मांडला तोच त्यावर एवढा भार घालू देत नव्हता. टॅसिटसचंही तसंच. त्याच्या वाक्यातून येशूचा मृत्यू कळतो, पुनरुत्थान कळत नाही.

तो जरा हिरमुसला. एखाद्या समुपदेशकाला हे सगळं आपल्या कामाबाहेरचं वाटेल. मला तसं वाटत नाही. माणूस ज्या काठीवर रेलून उभा आहे ती कुठे चिरली आहे, हे बघावंच लागतं. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि त्याने मला मुद्दाम त्यासाठीच निवडलं होतं. एरवी माझ्या खोलीत मी कोणाला धर्म शिकवत नाही, आणि शास्त्रवचनं आमच्या बोलण्यात आली ती त्याने आणली म्हणून.

मग मी विचारलं, ‘या ४३ पैकी किती प्रश्न तुम्हाला कोणी खरोखर विचारलेत?’

त्याने बोट फिरवत मोजले. तीन.

‘त्यातला शेवटचा?’

तेव्हा मित्राचं निघालं. त्याच्याच प्रयोगशाळेतला सहकारी, बरोबर शिकलेला. त्याची धाकटी बहीण अपघातात गेली, वय २६. रजेनंतर पहिल्याच दिवशी दोघं गच्चीवर उभे होते आणि मित्र म्हणाला, ‘तुझा देव त्या वेळी कुठे होता रे?’ वहीतला सतरावा प्रश्न. उत्तर पाठ होतं. माणसाला इच्छास्वातंत्र्य द्यायचं तर चुकीची आणि दुःखाची शक्यताही द्यावी लागते, इथून सुरू करून तो वीस मिनिटं बोलला. मित्र ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘झालं तुझं?’ आणि उठून गेला. त्यानंतर तो जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या टेबलावर बसू लागला.

त्याच आठवड्यात एका बैठकीत विभागप्रमुख हसत म्हणाले, ‘देवबिव मानणारं आपल्यात कोणी नाही ना? नाहीतर प्रयोगाआधी प्रार्थना करावी लागेल.’ सगळे हसले. हाही हसला. रात्रीची जाग तिथून सुरू झाली. डोक्यात मत्तयाच्या शुभवर्तमानातलं येशूचं एक वचन फिरायचं, जो कोणी माणसांसमोर मला नाकारील त्याला मीही नाकारीन. ‘जिथे बोलायला नको होतं तिथे मी व्याख्यान दिलं आणि जिथे एक शब्द पुरला असता तिथे दात काढले,’ असं तो म्हणाला. हे त्याचेच शब्द आहेत.

पुढच्या दोन भेटी आम्ही येशूचा शिष्य पेत्र याच्यावर घालवल्या. श्रद्धेच्या समर्थनाबद्दल बोलताना सगळे पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ३:१५ सांगतात. तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदैव तयार असा. मूळ ग्रीकमध्ये ‘उत्तर’ या जागी ‘अपोलोगिया’ हा शब्द आहे, जो न्यायालयात आरोपी आपल्या बाजूने जे बोलतो त्यासाठीही वापरत. याने तेवढाच शब्द उचलला होता आणि आयुष्यभरासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला होता. वचन मात्र पुढे जातं. ते उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्या. शिवाय वचनात आधी कोणीतरी विचारतं. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला, श्रद्धा न मानणाऱ्या नवऱ्यांबरोबर राहणाऱ्या बायकांना सांगितलं आहे की शब्दावाचून, नुसत्या वागण्यानेही ते जिंकले जातील. बोलण्याचं आणि न बोलण्याचं, दोन्ही एकाच पानावर.

आणि हे सांगतो कोण? येशूला पकडायला लोक आले त्या रात्री ज्याने बागेत तलवार काढून त्यांच्यातल्या मल्ख नावाच्या दासाचा उजवा कान उडवला तो. ज्या कानाने त्या माणसाने कधीतरी काही ऐकलं असतं तोच कान. येशूने तो बरा केला, असं लूक सांगतो. त्यानंतर काही तासही गेले नाहीत, आणि अंगणात शेकत असताना एका दासीने सहज विचारलं तर हाच पेत्र म्हणाला, मी त्याला ओळखत नाही.

‘एकाच रात्री?’ त्याने विचारलं. त्याने या दोन गोष्टी शेजारी ठेवून कधी वाचल्या नव्हत्या.

एकाच रात्री. माझ्या अनुभवात हे दोन स्वभाव नसतात. तलवार उपसणारा आणि नाकारणारा, दोघांच्या पोटात भीती एकच असते. सगळं आता माझ्यावर आहे, मी हरलो तर देव हरला, अशी ती भीती. ती घेऊन बोललं की वीस मिनिटांचं व्याख्यान होतं, आणि ती घेऊन गप्प बसलं की खोटं हसू.

योहानाच्या शुभवर्तमानातला एक बारकावा मी समुपदेशक म्हणून नेहमी जपून ठेवला आहे. पेत्राने नाकारलं तेव्हा तिथे कोळशांचा विस्तव होता. पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशू त्याला ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ असं तीनदा विचारतो, तेव्हाही कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. ग्रीकमधला तो शब्द संपूर्ण नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. ज्या धगीपाशी माणूस मोडला त्याच धगीपाशी त्याला परत बसवायचं, पण या वेळी कोणी हाकलायला नाही. भीतीवर उपचार करताना आम्हीही साधारण हेच करतो. त्याच्या बाबतीत विस्तव दोन होते, एक गच्ची आणि एक बैठकीची खोली.

पण आधी वहीबद्दलचा एक प्रश्न राहिला होता. मी विचारलं होतं, ‘यातला तुमचा स्वतःचा प्रश्न कुठला?’ तेव्हा तो काही बोलला नव्हता. तीन आठवड्यांनी आपणहून म्हणाला, ‘तो वहीत नाही. प्रार्थना करताना मला काहीच जाणवत नाही. दोन वर्षं झाली. मग मी साक्ष कशाची देतोय?’

४३ उत्तरांच्या भिंतीमागे हे होतं. माझ्याकडे त्यावर औषध नव्हतं आणि मी ते असल्याचं दाखवलंही नाही. मार्काच्या नवव्या अध्यायातला एक बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्याच्या मुलाला बरं करण्याआधी येशूने त्याच्याकडून याहून पक्कं काही मागितलं नाही. एवढंच मी आठवून दिलं, आणि हे आपल्या पाळकांपाशी बोला असं सुचवलं. तो बोलला. ते म्हणाले की त्यांचीही अशी वर्षं गेली आहेत. त्या रात्री तो सहा तास झोपला.

मग सराव सुरू केला. मी विभागप्रमुख झाले, तो तो. पहिल्यांदा त्याने बायबलपासून सुरुवात केली. आम्ही छाटत छाटत एका वाक्यावर आलो, ‘मी मानतो, सर.’ पुढे काही नाही. त्याच्या हाताखाली दोन विद्यार्थी होते, त्यांचीही गोष्ट निघाली. त्यांच्यापाशी श्रद्धेचा विषय आपण होऊन काढायचा नाही, हे मी ठामपणे सांगितलं. ज्याचं मूल्यमापन आपल्या हातात आहे त्याला ‘नको’ म्हणता येत नाही, आणि ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला काय अर्थ? बरोबरीच्या माणसालाही एकदा विचारावं, ‘बोलू का?’ तो नाही म्हणाला तर तिथे थांबावं, मनातून रागावू नये.

मित्रासाठी मात्र सराव वेगळा. त्याच्या प्रश्नात माहितीची मागणी नव्हती. बायबलमधल्या ईयोबावर दुःख कोसळलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांचं बिघडलं ते तोंड उघडल्यावर, आणि शेवटी देव त्यांच्या बोलण्यावरच रागावला. ‘म्हणजे मी काहीच सांगायचं नाही?’ त्याने कळवळून विचारलं. ‘तो नरकात गेला तर?’ हा प्रश्न त्याने खऱ्या काळजीने विचारला होता, म्हणून मीही तसंच उत्तर दिलं. अथेन्समध्ये मूर्ती पाहून पौलाचा जीव आतून तळमळत होता, असं प्रेषितांच्या कृत्यांच्या १७ व्या अध्यायात आहे. तरी तो अरियपगावर, म्हणजे तिथल्या सभेपुढे, बोलायला उभा राहिला तेव्हा त्यांच्याच ‘अज्ञात देवाला’ या वेदीपासून सुरुवात केली आणि त्यांच्याच कवीची ओळ म्हटली. म्हणजे आधी त्यांचं शहर फिरून, पाहून घेतलं होतं. एवढं करून काय झालं? काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, आणि दियनुस्य, दामारी आणि आणखी काहींनी विश्वास ठेवला. पौलाच्या पदरात जर हे पडलं, तर एका गच्चीवरच्या वीस मिनिटांवर कोणाचं अनंतकाळ अडलेलं नाही. या बाबतीत मंडळ्यांमधून ‘यंदा किती जणांना आणलं’ असं जे विचारलं जातं त्याचा मला मनापासून राग येतो. त्या हिशेबाखाली दबलेली माणसं मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

बैठकीची खोली सोपी गेली. पुन्हा तशीच थट्टा झाली तेव्हा तो म्हणाला, ‘मी मानतो, सर.’ प्रमुख म्हणाले, ‘हो का? बरं,’ आणि पुढचा तक्ता लावायला सांगितला. चार सेकंद. ज्याच्यासाठी तो चार महिने जागा होता.

गच्चीवर तो मित्राला एवढंच म्हणाला, ‘त्या दिवशी तू बहिणीबद्दल बोलत होतास आणि मी माझंच बोलत राहिलो. माझं चुकलं.’ मित्र ‘ठीक आहे’ म्हणाला आणि खाली गेला. पुढचे कित्येक आठवडे काही नाही. ते आठवडे त्याला जड गेले, आणि मीही त्याला काही आशा दाखवली नाही.

शेवटच्या भेटीत त्याने सांगितलं. बहिणीला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी मित्र स्वतः त्याच्या टेबलापाशी आला, ‘वर येतोस?’ म्हणाला. दोघं बराच वेळ बसले. मित्र तिच्याबद्दल बोलत होता, लहानपणी ती किती खोटं बोलायची वगैरे. मग अचानक म्हणाला, ‘तू खरंच मानतोस ना, मेल्यावर संपत नाही म्हणून?’

‘मग तुम्ही?’ मी विचारलं.

‘मी म्हटलं, मानतो. येशू मेलेल्यांतून उठला यावर माझा विश्वास आहे, त्यामुळे मरण हा शेवट आहे असं मला म्हणता येत नाही. तिच्याबद्दल याहून जास्त मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं बोलणार नाही. कधी कधी प्रार्थनेत तिचं नाव येतं, तेव्हा काय म्हणावं तेही कळत नाही.’

मित्राने विचारलं, ‘एवढंच?’

‘एवढंच.’

मित्र त्यावर काही म्हणाला नाही. खाली जायची वेळ होऊन गेली तरी तो तिथेच बसून होता, उठला नाही.